साहेबांच्या खेळातली रेघ

६ जाने. १९३६, वाशीम
शाळेच्या अमेरिकन साहेबांनी त्यांच्या देशातला फुटबॉल मांडला आहे. अनसिंग गावची तरुण मंडळी दोन बाजू करून खेळणार. कोणी कुठे उभे राहायचे, त्याचा मराठी कागद मी करायचा. शाळेतली माझी शिक्षिकेची नेमणूक कायम होणार की नाही, ते याच महिन्यात ठरणार. चेंडू पपईसारखा. हातात घेऊन पळतात. मग फुटबॉल का? विचारले नाही.

८ जाने.
कागद झाला. मध्ये रेघ, समोरासमोर सात-सात जण. मधला, त्याच्या दोन्ही अंगांना राखणदार, मग भिडणारे, शेवटी टोकाचे. चौघे मागे. चेंडू सुटण्याआधी रेघ ओलांडायची नाही.
साहेब म्हणाले, चेंडू जिथे अडेल तिथे रेघ सरकवायची. हे गाळले. दोघांच्या वावरांमधला धुरा, म्हणजे बांध, कधी सरकवतात का? साहेबांना दुसरेच काही म्हणायचे असेल. पुन्हा विचारायचा धीर नाही.

११ जाने.
अनसिंगला सराव, पाटलांच्या मोकळ्या वावरात. मधल्याने वाकून पायांमधून मागच्याला चेंडू द्यायचा. तिथे पाटलांचा भगवान. "मी पाटलाचा पोरगा, वाकून कोनाले काहून देऊ?" मधला बदलला.
चेंडू चार हात पुढे गेला. साहेबांनी तिथे चुन्याची नवी रेघ ओढली. भगवान ओरडला, "साहेब धुरा सरकवून राह्यला!" दोन्ही बाजू एक होऊन साहेबांवर.

१३ जाने.
बाबा किन्हीराजाहून संक्रांतीचे तीळ घेऊन आले. धुऱ्याच्या भांडणात त्यांचा शब्द मानतात, म्हणून भगवानने त्यांना मैदानावर नेले. मीही गेले. बाबांना अक्षर येत नाही. कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग सर्वांदेखत म्हणाले, "माह्या पोरीच्या कागदात रेघ सरकते असं नाई. साहेब, तुमी पाव्हणे, पन हे चालनार नाई."
साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी जमिनीकडे.
नंतर तासभर दोन्ही बाजू आपापली जमीन राखत बसल्या. चेंडूला कोणी हात लावला नाही.

१४ जाने.
साहेबांना खरे सांगितले. ते म्हणाले, "कागद पुरा करा. शनिवारी शाळांचे इन्स्पेक्टर येणार." नेमणुकीविषयी अवाक्षर नाही. पण बाबांचा निवाडा खोटा पडला, गावासमोर, माझ्यामुळे...

१५ जाने.
बाबांना सांगितले. तंबाखू मळायचे थांबले.
"तुले मालूम होतं?"
"हो."
"अन् जितलेली जमीन कोनाची?"
"खेळ संपला की कोणाचीच नाही."
"मंग येवढी मारामारी कायले?"


१८ जाने.
इन्स्पेक्टर मैदानावर आले. बाबा उठून म्हणाले, "निवाडा माहा चुकला. रेघ सरकते." माझे नाव घेतले नाही. न राहवून मीच उभी राहिले. कागद माझा, वाक्य मी गाळले, म्हणाले. भगवान म्हणाला, "बाई, मंग आदी सांगाचं ना!"
बाबांनी मात्र अट घातली: दर वेळी रेघ सरकवताना दोन्हीकडच्या दोघांनी पाहून हो म्हणायचे. दुपारपर्यंत रेघ तीन हात सरकली. इन्स्पेक्टर दोनदा घड्याळ पाहून गेले.
साहेबांनी सोमवारी मला बोलावले आहे. नेमणुकीचे काय, ते सांगितले नाही. बाबा परतणार होते. आता म्हणतात, "थांबतो. दोन्हीकडचं आयकाले कोनी तरी पायजे."