खर्र्याचा हात

बाबा, आज सकाळी एका गिऱ्हाइकाचा फोन आला. त्याच्या घरी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे, त्यातलं मऊ प्रवाळ मिटून बसलंय, वरून शेवाळ धरलंय, काय करू म्हणून विचारत होता. मी विचारलं, तंबाखू खाता का? तो गडबडला. त्याला वाटलं असणार, बाई आता भाषण देणार. मी म्हटलं, खा किंवा नका खाऊ, पण हात कोपरापर्यंत धुतल्याशिवाय पाण्यात घालू नका. फोन ठेवल्यावर तुमची आठवण आली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, एरवी ती फारशी येत नाही, उगाच खोटं कशाला बोलू.

मोहर्लीच्या त्या रिसॉर्टमध्ये मी भाज्या चिरायला लागले होते. वाघ बघायला आलेल्या पाहुण्यांना जेवताना समुद्र दाखवायची हौस मालकाला कुठून आली देव जाणे, पण जेवणघरात ती टाकी आली, आणि ढिवराघरची पोर आहे, मासे सांभाळेल, म्हणून माझ्या गळ्यात पडली. जणू आपण तलावात मासे पाळत होतो, पकडत नव्हतो. नागपूरहून एक माणूस अधूनमधून येऊन शिकवून जाई, मीठ किती, दिवा किती वेळ. टाकीच्या मधोमध ते प्रवाळ होतं, कातड्याच्या रंगाचं, रानातल्या सात्याच्या, म्हणजे अळंबीच्या, छत्रीसारखं पसरलेलं, आणि छत्रीवर बारीक बारीक बोटं पाण्यात हलत असायची. ते झाड नाही, जिवंत प्राणी आहे, हे पटायला मला वेळ लागला. तुम्हाला ते शेवटपर्यंत पटलं नाही.

तुम्ही आलात ते मला न्यायला. नागभीडकडचं स्थळ होतं, मायनं हो म्हणून टाकलं होतं. आल्या आल्या तुम्ही म्हणालात, "आता बस झालं. चाल घरी. लोकं इचारून राह्यले." मी म्हटलं, पाहुण्यांची जेवणं होऊ द्या, मग बोलू. मी आत गेले आणि तुम्ही टाकीसमोर उभे राहिलात. प्रवाळाच्या कडेला त्या आठवड्यात थोडं शेवाळ आलंच होतं. आपल्या तलावात जाळं टाकण्याआधी माणसं पाण्यात उतरून शेवाळ उपटतात. ते दिसतंय आणि तुम्ही हातावर हात ठेवून उभे आहात, हे होणारच नव्हतं. मी वरणाचं भांडं घेऊन बाहेर येते, तर तुमचा हात कोपरापर्यंत पाण्यात. खर्र्याची, तंबाखू-सुपारी-चुन्याची, चिमूट नुकतीच गालात गेलेली, बोटं न धुतलेली, आणि मुठीत हिरवा गोळा.

"काऊन हात घातला, बाबा?"

"शेवाळ काढून राह्यलो. तू त काईच काढत नाई."

संध्याकाळपर्यंत प्रवाळानं सगळी बोटं आत ओढून घेतली. दुसऱ्या दिवशी ते आवळून अर्ध्यावर आलं, त्यावर मेणासारखा पापुद्रा धरला आणि उरलेलं शेवाळ तिथेच पसरायला लागलं. नागपूरच्या माणसानं फोनवर आधी हातांचीच चौकशी केली. तंबाखू आणि चुना, दोन्ही त्याला सोसत नाही म्हणाला. मॅनेजरनं तुमच्यादेखतच मला ऐकवलं, "हे मेलं त टाकी बंद. किचनमध्ये माणसं लय हायत. मंग तुयं इथी काय काम, सांग." तुम्ही ते ऐकलंत. म्हणजे तुम्हाला काही करायचीच गरज नव्हती. ते मेलं असतं की मी आपोआप तुमच्यासोबत एसटीत बसले असते.

पण तुम्ही राहिलात. ड्रायव्हर लोकांच्या खोलीत अंथरूण टाकलंत. नागपूरच्या माणसानं फोनवरून सांगितलं होतं की घासायचं नाही, उपटायचं नाही. कोळसा कापडी पिशवीत बांधून पाण्यात सोडायचा, दिवा कमी वेळ लावायचा, पाणी थोडं थोडं बदलायचं, पंपाचं तोंड जरा तिकडे वळवायचं. तो पापुद्रा सुटला तर शेवाळही त्याच्यासोबत जाईल. मी बिनसुईच्या सिरिंजनं हलकेच पाणी मारायची आणि तुम्ही मागून म्हणायचा, "झाडाले इंजेक्शन देऊन राह्यली." पाण्याचे ड्रम तुम्ही वाहिलेत, मीठ बांबूच्या काडीनं तुम्ही ढवळलंत. ड्रमला हात लावण्याआधी राखेनं, मग साबणानं हात धुवायचे आणि माझ्या नाकाशी आणायचे. "पाह्य, येते का वास?" मायनं जन्मभर भांडून जे झालं नाही ते तिथे झालं, तुम्ही खर्रा तोंडात टाकला नाही. त्यापायी स्वयंपाक्यावर विनाकारण खेकसलात, पण टाकला नाही.

एका सकाळी दुधावरची साय निघावी तसा तो पापुद्रा सुटला, शेवाळासकट. खालून एक-दोन बोटं बाहेर आली. तुम्ही काचेला नाक लावून बराच वेळ पाहिलंत. "जगलं," एवढंच म्हणालात. मग थैली उचलली आणि स्टँडवर येऊन आधी खर्रा घोटून घेतलात. एसटीत चढताना म्हणालात, "मायले सांगतो, पोरगी कामात हाय म्हून." ते स्थळ गेलं. मी तिथेच राहिले, हे काम नीट शिकले, आणि आज त्यावरच माझं घर चालतं. आता वाटतं, दोष एकट्या तुमच्या बोटांचा नसेलही. शेवाळ आधीपासून होतं, दिवाही जुना झाला होता. तुम्ही मात्र सगळं स्वतःवर घेतलंत.

हा कागद कुठे पाठवायचा नाही. दुपारी दुकान उघडण्याआधी मी तो फाडून टाकीन. एकच सांगायचं राहिलं. प्रवाळ मिटलेलं होतं त्या दिवसांत मी माझे कपडे भरून पिशवी खाटेखाली ठेवली होती. दमले होते, मायची आठवण येत होती, ते जगेल असं मला वाटतच नव्हतं. तुम्ही आणखी एकदा "चाल" म्हणाला असता, तर मी एक शब्द न बोलता आले असते. तुम्ही पाणी भरत राहिलात.