तीन हात

मंगळवार, ११ मार्च. सकाळी १०.४०
हार्डवेअरवाल्याने मला ‘आजी’ म्हटलं. वर, ‘तुमच्याने व्हायचं नाही, माणूस पाठवतो.’ आयुष्यभर कॉन्व्हेंटमध्ये मुलींना सरळ रेघ मारायला शिकवली, आणि मला म्हणे ब्रश धरता येणार नाही. क्लिअर व्हार्निशचा डबा घेतला. जाता जाता म्हणाला, ‘तीन हात द्या, मधे वाळू द्या.’ बरं.
शनिवारी ताई येतेय. कायमचं आमच्याकडे राहायचं की दादाकडे, ते खोली बघून ठरवणार. डॉक्टरांनी तिला मोकळी हवा सांगितली आहे. मागच्या खोलीची खिडकी मोठी, पण लाकूड पार पांढरं पडलंय. दादाला हरवायचं तर ती चमकली पाहिजे.

बुधवार
चौकट पॉलिशपेपरने घासली. खालचा अर्धा भाग. वरचा सभ्य माणसं निरखत नाहीत.

गुरुवार, दुपार
तीन हात जमवले. एक माझा. दुसरा यांचा, त्यासाठी पेपर हिसकावून घ्यावा लागला. तिसरा शेजारणीचा. हे म्हणाले, आपल्या दोघांचेच चार होतात, आणि वाळू नदीची आणायची का? मी लक्ष दिलं नाही. तिघांनी एकदम लावलं. अर्ध्या तासात डबा संपला. धूळ बसू नये म्हणून खिडकी घट्ट लावून घेतली. इतकं डोकं कोण चालवतं?

शुक्रवार
ओघळ आलेत. खानदानी दिसतात. एक माशी चिकटली आहे, ती स्वतःच्या चुकीने.

शनिवार, सकाळ
खिडकी उघडत नाही. यांनी ओढली, मूठ हातात आली. दुकानात फोन केला. तो हसत म्हणाला, ‘अहो आजी, हात म्हणजे थर. एक वाळला की दुसरा.’ आमच्या कॉन्व्हेंटमध्ये हात म्हणजे हात, आणि त्यावर पट्टी बसायची.

शनिवार, रात्र
ताईने वास घेतला आणि विचारलं, हवा कुठून येते? मी म्हटलं, आधी चमक बघ. ती गॅलरीत शाल पांघरून बसली. शेवटी म्हणाली, ‘दादाच्या खिडक्या कळकट आहेत गं, पण उघडतात.’ दादा गाडी घेऊन आला. जिना उतरताना त्याने शीळ वाजवली.

रविवार
ताईला पाठवायचा मजकूर:
दोष दुकानदाराच्या मराठीचा आहे, यावर चर्चा नको. तू माझी खोली घे. तिथली खिडकी उघडते, तिला मी हात लावलेला नाही. आम्ही दोघं मागच्या खोलीत जातो. यांना विचारलेलं नाही, विचारायची गरजही नाही. येणार की नाही ते बुधवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळव. फोन चालणार नाही. फोनवर तू हसतेस.