बाझलचा एक दिवस

बाई, मी आणि ती मे महिन्यात युरोपला चाललो आहोत. ती म्हणजे तुमचीच ती, आठवी ‘ब’मध्ये पहिल्या बाकावर बसणारी. आता टेक्सासात अर्विंगला असते, मी न्यू जर्सीत एडिसनला. दोघींनी पन्नाशी ओलांडली, मुलं कॉलेजात गेली, तेव्हा तिनंच फोनवर टूम काढली. “यार, आपण दोघीच जाऊ. झुरिकला उतरू आणि ट्रेननं फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला. एका देशात नाश्ता, दुसऱ्या देशात जेवण. बाई म्हणायच्या ना तसं!” मी लगेच हो म्हटलं. पण ते ‘बाई म्हणायच्या’ मला लागलं. तुम्ही आम्हाला वर्षभर भूगोल शिकवलात, पण हे वर्गात कधी म्हणाला नव्हतात. तिला म्हणाला असाल, तुमच्या स्वयंपाकघरात.

ते स्वयंपाकघर मी एकदाच पाहिलं. नकाशाची वही द्यायची राहिली होती म्हणून रविवारी सकाळी तुमच्याकडे आले होते. दार उघडंच आहे. ती पाटावर बसलीय, तुम्ही तिच्या ताटात थालीपीठ वाढताय आणि शेजारी तुमचा स्वतःचा मोठा अॅटलास उघडा आहे. शाळेतल्या कपाटातला नव्हे, तुमचा. तुम्ही लोण्याचा हात पदराला पुसून तिला ऱ्हाईन नदी दाखवताय. मला बघून “ये, बस,” म्हणालात. मीच बसले नाही, आई वाट बघतेय म्हणाले. तुम्ही उभ्या उभ्या माझी वही चाळलीत. “सीमारेषा इतकी जाड काढतात का? पेन्सिल दाबू नकोस. माणसं रोज इकडून तिकडं जातात तिथं.” तो अॅटलास तुम्ही त्या दिवशी तिला देऊन टाकलात, हे मला सोमवारी शाळेत कळलं.

तिला आई नव्हती, बाई. सहावीत असतानाच गेली होती, साऱ्या वर्गाला माहीत होतं, मलाही. माझी आई घरी पोळ्या करून खरोखरच माझी वाट बघत होती, आणि मी आई नसलेल्या मुलीचा हेवा करत, रडत घरी गेले. डोळ्यात काय गेलं, असं आईनं विचारलं. कचरा, म्हणाले.

या ट्रिपचं प्लॅनिंग माझ्याकडे आलं. तिचा पासपोर्ट अमेरिकन, तिला व्हिसा लागत नाही. माझा अजून भारताचा आहे, त्यामुळे हॉटेलं, विमान, विमा सगळं आधी ठरवून अर्जाला जोडायचं असतं. दर शनिवारी सकाळी आमचा व्हिडिओ कॉल असतो. मी एक्सेल शीट दाखवते, ती चहा पीत बघते. तिसऱ्या शनिवारी ती म्हणाली, “मध्ये बाझलला एक दिवस थांबू या का? बाईंनी लिहिलं होतं, तिथं ऱ्हाईन नदीवर तीन देश भेटतात, कधी गेलीस तर माझ्या वतीनं बघून ये.”

“कुठं लिहिलं होतं?”

“पत्रात, अगं. मी इकडे आल्यापासून लिहायच्या त्या मला, अगदी शेवटपर्यंत. तुला नाही का लिहायच्या?”

हे तिनं खऱ्याखुऱ्या आश्चर्यानं विचारलं. टोमणे मारणारी असती तर मला सोपं गेलं असतं. मी तुम्हाला दोन वर्षं दिवाळीचं भेटकार्ड पाठवलं होतं, बाई, मागं माझा पत्ता घालून.

“बाझलचं जमत नाही,” मी म्हटलं. “तिथं उतरलं की पुढची गाडी मिळत नाही.”

माझ्यासमोरच गाड्यांची यादी उघडी होती, स्क्रीनवरच्या, तिला न दिसणाऱ्या खिडकीत. दिवसभर गाड्या होत्या. ती “ओके, तू म्हणशील तसं,” म्हणाली. तिचा चेहरा उतरला आणि मला बरं वाटलं. खूपच बरं वाटलं.

मंगळवारी तिनं फोनवर तुमच्या एका पत्राचा फोटो पाठवला. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून तो मोठा करून करून वाचला. तुमचं तेच तिरकं अक्षर. तिच्या मुलाचं बारसं, तिचा खोकला, तिनं दूध घ्यावं की नाही. अगदी शेवटी एक ओळ: ‘तुझ्याबरोबर एक उंच मुलगी असायची, नाव आता आठवत नाही, ती कुठं असते?’ खाली तिचा मेसेज होता, ‘बघ! बाई तुला विसरल्या नव्हत्या!’ पुढं तीन बदाम. माझ्यासाठी इतका आनंद झाला होता तिला. मी वीस मिनिटं गाडीतच बसून राहिले. तुमचा राग आला होता. तिचा येईना, आणि तेच जास्त त्रासाचं होतं.

पुढच्या शनिवारी मी म्हटलं, “गाडी सापडली. बाझलला थांबता येईल.” ती खुर्चीतून उठून ओरडली, “यू आर द बेस्ट!” आधी खोटं बोलले होते हे मी सांगितलं नाही. शीटमध्ये बाझलचा दिवस घातला, नदीकाठचं हॉटेल घेतलं, तिला आवडेल तशी खिडकीची खोली मागितली. मग अर्ज केला. गेल्या आठवड्यात व्हिसाही आला.

तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच. तिलाही दाखवणार नाही. तेव्हा सांगून टाकते. ती शुक्रवारी झुरिकला उतरतेय. तिला वाटतंय मीही त्याच दिवशी येतेय. माझं विमान गुरुवारीच उतरतंय. अर्जातच मी एक दिवस आधीची तारीख घातली होती. उतरल्यावर मी बाझलची गाडी धरणार, मग ट्रॅम, मग नदीवरच्या बंदरापर्यंत चालत. तीन देश मिळतात ती नेमकी जागा नदीच्या मध्यात आहे म्हणतात, तिथं कुणालाच उभं राहता येत नाही. काठावर खुणेचा खांब आहे, तिथवर जाईन. शुक्रवारी सकाळी परत झुरिकच्या विमानतळावर तिला घ्यायला हजर. आणि रविवारी ती मला हाताला धरून तिथं नेईल, तेव्हा पहिल्यांदाच बघत असल्यासारखं करीन.