हेल्मेटचे दुकान, माझ्यामागे

मी, हेल्मेटच्या दुकानाची मालकीण, वय एकाहत्तर, बी.एस्सी., हे मृत्युपत्र स्वतःच्या हस्ताक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी गळ घातलेली नाही. माझ्यापुढे तेवढा वेळ कोणी टिकत नाही. माझ्यामागे दुकान विकून टाकावे, असे मी पूर्वीच्या मृत्युपत्रात लिहिले होते. ते रद्द समजावे.

१. राहते घर आणि बँकेतली ठेव माझ्या एकुलत्या एका लेकीला. बाथरूमचा गळका नळ तिने ताबडतोब बदलून घ्यावा. माझ्या खोलीत तिने खुशाल राहावे, पण तिच्या मावशीला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, तिथे झोपवू नये. पाहुण्यांची खोली आहे.

२. दुकानातला यांचा फोटो लेकीने घरी न्यावा. तिथेच राहिला तर हे पुन्हा धाकटीकडे बघत बसतील. "हिच्या बोटांत माप आहे," असे ते गिऱ्हाइकांसमोर म्हणत. नेमकी माझ्या हातात टेप असायची तेव्हाच म्हणत.

३. दुकान. इथे खुलासा करणे भाग आहे, नाहीतर लोक म्हणतील म्हातारीला भ्रम झाला.

आम्ही दोघी बहिणी दुकानात बसायचो. मी भुवयांच्या बोटभर वरून टेप फिरवून आकडा कार्डावर लिहीत असे आणि त्या आकड्याचे हेल्मेट काढून देत असे. धाकटी आकड्याकडे बघायचीच नाही. डोक्याला दोन्ही तळवे लावायची, हेल्मेट चढवायची आणि ते धरून हळूच डावी-उजवीकडे वळवायची. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली तर ठीक. हेल्मेट नुसतेच फिरले तर दुसरे. मग पट्टा लावून मागून वर ढकलायची. निघाले तर दुसरे. शेवटी पंधरा मिनिटे ते घालून बसायला लावायची. कपाळावर लाल वळ उठला तर पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्या वेळात मी तीन गिऱ्हाइके मोकळी करत असे, तरी रांग तिच्यापुढे.

"ताई, टेपने घेर कळतो. डोकं लांबट की गोल, ते टेपला कुठून कळणार?"

"तुला कॉलेजात डोकी शिकवली होती वाटतं?" असे मी विचारत असे. ती कॉलेजात गेलेली नाही, हे मला ठाऊक होते.

पाच वर्षांपूर्वी लेकीची मोटरसायकल वळणावर घसरली. हाताचे हाड मोडले, डोक्याला ओरखडाही नाही. शेजारच्या गॅरेजचा मेकॅनिक तिचे हेल्मेट घेऊन आला. एक बाजू पार घासली होती.

"काकू, हे जागचं हललं नाही म्हणून वाचली पोरगी. तुमचं काम पक्कं!"

मी तोऱ्यात ते हातात घेतले आणि आतली मापाची चिठ्ठी पाहिली. एस. लेकीला मी मोजून एम दिले होते.

धाकटी काउंटरपाशीच उभी होती. "कधी बदललंस?" मी विचारले.

"तुझ्यासमोरच, ताई. तू कुणाची तरी पावती फाडत होतीस. तिच्या डोक्यावर एम गरगर फिरत होतं गं."

"मग सांगायला तोंड नव्हतं?"

"सांगितलं असतं तर तू तिला एमच घालायला लावलं असतंस."

हे खरे होते. त्याच दिवशी मी तिला दुकानातून काढले. लेक वाचल्याचा आनंद मला झाला नाही, असे कोणी म्हणू नये. झाला. पण लेकीकडे पाहिले की मला धाकटी दिसे.

ती गॅरेजच्या ओट्यावर स्टूल टाकून बसू लागली. माझी गिऱ्हाइके माझ्याकडून हेल्मेट घ्यायची आणि दहा पावलांवर जाऊन तिच्याकडून तपासून घ्यायची. निम्मी परत यायची. "बदलून द्या, त्या बाई नको म्हणाल्या." मी बदलून दिली. तिचे एकदा तरी चुकेल म्हणून पाच वर्षे वाट पाहिली. चुकले नाही.

म्हणून दुकान, आतला माल आणि उभा आरसा धाकटीला. खाली आपटलेले हेल्मेट पुसून पुन्हा फळीवर मांडू नये. ही शिस्त माझी आहे, तिची नव्हे, हे तिने गिऱ्हाइकांना सांगावे.

४. माझी खुर्ची कोपऱ्यावरच्या शिंप्याला. धाकटी त्या खुर्चीत बसलेली मला मेल्यावरही चालणार नाही.

सहीपूर्वीची नोंद: साक्षीसाठी मेकॅनिकला हाक मारली, तर त्याच्यामागून धाकटीही आली. पाच वर्षांनी दुकानात पाऊल.

"ताई, मीपण करते की सही."

सह्या करून घ्यायला आलेले वकील म्हणाले, "ज्याला काही मिळणार आहे, त्याला साक्षीदार होता येत नाही."

"मला काय मिळणार आहे?" ती हसली. बाकी कोणी हसले नाही. तिने माझ्याकडे पाहिले, मग वकिलांकडे, मग बाहेर दुकानातल्या फळ्यांकडे. म्हणाली, "पाटीवर तुझंच नाव राहील हं, ताई."

पाटीवरचे नाव बदलू नये, ही अट मी पाचव्या कलमात घालणार होते. मी न मागताच तिने ते कबूल केले. आता ते कलम लिहिण्यात अर्थ नाही.

लिहून देणार: दुकानाची मालकीण (सही)
साक्षीदार: १. शेजारचा मेकॅनिक (सही, बोटांच्या ग्रीससह) २. दाखला देणारे डॉक्टर (सही)
ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: १९ जानेवारी २०२४