सासऱ्यांचा रकाना

ती. वन्संस,

साष्टांग नमस्कार कागदावरच मानून घ्या, कारण सध्या मी जमिनीवर गेले तर मला परत उभं करायला दोन माणसं आणि एक खुर्ची लागते. खुर्ची आहे. माणूस एकच आहे आणि तो तुमचा भाऊ आहे, म्हणजे उचलायच्या आधी वजन विचारणार. तुमची तब्येत कशी आहे? कानातलं यंत्र नवीन घेतलंत असं भाचीकडून कळलं. (जुनं काही वाईट नव्हतं. मी काही विचारायला लागले की नेमकं शिट्टी मारायचं, एरवी छान चालायचं. नवीन त्याहून हुशार असणार.) म्हणून फोन न करता पत्र लिहितेय. पत्राला शिट्टी मारता येत नाही.

इकडे सगळं ठीक, फक्त आम्ही विमा बदलतोय. हे एवढं एक वाक्य लिहायला मला पाच सेकंद लागली, करायला सात आठवडे झाले आणि अजून झालेलं नाही. आत्तापर्यंत आमचं यांच्या पेन्शनरांच्या संघटनेच्या पॉलिसीवर चाललं होतं. म्हणजे नवरा-बायकोला मिळून एकच हंडा, जो आधी आजारी पडेल तो आधी उपसणार. गेल्या वर्षी यांनी हर्नियाचं ऑपरेशन करून घेतलं, पाठोपाठ हृदयाची तपासणी झाली (आत काही सापडलं नाही, मी चव्वेचाळीस वर्षं तेच सांगतेय) आणि हंडा तळाला गेला. मला काही म्हणायचं नाही, पण तेवढ्यात माझ्या डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यांचे फोटो उजेडासमोर धरले आणि म्हणाले, आजी, दोन्ही बदला आणि या वर्षातच. पॉलिसी वाचली तर त्यात वर्षाला एकच गुडघा! म्हणजे एक यंदा, दुसरा पुढच्या वर्षी, मधल्या काळात मी बगळ्यासारखी उभी. आमच्या जिन्याला चोपन्न पायऱ्या आहेत आणि एकोणतिसावी बाकीच्यांपेक्षा दीड सेंटीमीटर उंच आहे. हे मला गुडघ्यानं सांगितलं होतं, यांनी नंतर पट्टी लावून सिद्ध केलं आणि सोसायटीला पत्र दिलं. पायरी आहे तिथेच आहे. मी मात्र गेले पाच आठवडे खाली उतरलेले नाही. गॅलरीतून खालचा रस्ता बघते. रस्त्याचं आता मला इतकं माहीत झालंय की कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे ते त्यांच्याआधी मला कळतं.

तर ज्येष्ठांसाठी दुसऱ्या कंपनीची एक पॉलिसी आहे. त्यात दोघांना दोन वेगळे हंडे आणि गुडघे जोडीनं. ही बातमी आणली पहिल्या मजल्यावरच्या विमा एजंटानं. आम्ही त्याला टाय म्हणतो, कारण तो कचरा टाकायलासुद्धा टाय लावून जातो. टायनं समजावलं ते असं, की जुनी पॉलिसी सोडून नवीन घेतली तर गुडघ्यांसाठी तीन वर्षं थांबा. पण जुनी संपायच्या पंचेचाळीस दिवस आधी रीतसर बदलीचा अर्ज केला, तर जुन्या पॉलिसीत काढलेली वर्षं धरतात आणि थांबायला लागत नाही. मला हे फार आवडलं. बदली होऊन गेलेल्या कारकुनाची जुनी नोकरी धरतात ना, तसंच आजारांचं. मी त्याला विचारलं, म्हणजे माझ्या गुडघेदुखीला सीनियॉरिटी आहे? तो म्हणाला, आहेच काकू, पण तारीख चुकली तर सगळं पाण्यात. (जुनी पॉलिसी संपते ती तारीख म्हणजे येणारा शुक्रवार. तुम्हाला उगाच काळजी नको म्हणून कंसात लिहिलं.)

अर्ज वेळेत दिला. पुढची पायरी म्हणजे कंपनीच्या खर्चानं तपासणी. सकाळी उपाशीपोटी दोघं गेलो. मला टाय आणि यांनी मिळून खुर्चीत बसवून खाली उतरवलं, त्याचं वर्णन करत नाही. लॅबमध्ये भिंतीला टेकून अकरा म्हातारी माणसं, सगळी उपाशी, सगळ्यांच्या हातात बाटल्या. यांचा नंबर आला. काट्यावर चढले, काटा म्हणाला चौऱ्याहत्तर किलो सहाशे. हे खाली उतरले आणि लॅबवाल्या बाईंना शांतपणे म्हणाले, “याच्यावर शेवटचा शिक्का कधी मारलाय?”

वन्सं, वजनमाप खात्यात चौतीस वर्षं इन्स्पेक्टर असलेल्या माणसाची बायको हा आवाज ओळखते. ह्याच आवाजामुळे आम्हाला पूर्वी तीन वेळा वाणी बदलावा लागला होता. बाई म्हणाल्या, आजोबा, शिक्का कसला, मशीन आहे ते. झालं! यांनी पिशवीत हात घातला आणि दोन किलोचं पितळी वजन काढलं. (निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली तरी ते पिशवीत असतं. माणसं छत्री ठेवतात तसं. मी विचारलं होतं एकदा, कशाला? म्हणाले, लागलं तर.) वजन काट्यावर ठेवलं. काटा म्हणाला दोन किलो चारशे.

मग काय विचारता! यांनी जाहीर केलं की हा काटा अप्रमाणित आहे आणि यावर यापुढे कोणालाही तोलता येणार नाही, आणि स्वतः काट्यासमोर हाताची घडी घालून उभे राहिले. रांगेत दोन पक्ष पडले. जाडी माणसं म्हणाली, साहेब बरोबर बोलतायत, आम्हाला केव्हापासून संशय होता. एक काटकुळे आजोबा कळवळून म्हणाले, अहो, मला ते चारशे ग्रॅम हवे आहेत, राहू द्या ना! एक आजी म्हणाल्या, काटा राहू दे, आधी माझं रक्त घ्या, मला चहा प्यायचाय. बाईंनी वर फोन लावला, वरच्यांनी आणखी वर लावला, आणि आम्ही दोघं रक्त न देता, बाटल्या भरलेल्या तशाच घेऊन घरी आलो. अहवालात लिहून आलं, ‘तपासणी अपूर्ण, अर्जदाराचा असहकार’. सुरुवातीलाच बारा दिवस गेले. मी म्हटलं, गुडघे माझे आहेत, तुमचं खातं नाही. हे म्हणाले, चुकीच्या काट्यावर बरोबर पॉलिसी मिळत नसते. तुम्ही भावाला लहानपणी एक तरी फटका द्यायला हवा होता.

दुसऱ्या लॅबमधला काटा (देवाची कृपा) अचूक निघाला. रक्त, छाती, डोळे, सगळं पार पडलं. मला वाटलं सुटलो. तेवढ्यात कंपनीतून पडताळणी करणाऱ्या मुलीचा फोन आला. ‘हा कॉल रेकॉर्ड होत आहे’ असं आधी सांगते, म्हणून मी पदर सारखा करून बसते. गोड मुलगी. तिनं विचारलं की काकांच्या वडिलांच्या मृत्यूचं कारण काय? आनुवंशिक आजारांसाठी लागतं म्हणाली. मी फोन यांच्याकडे दिला. फोन स्पीकरवर होता, तो मी मुद्दाम काढला नाही.

ती म्हणाली, “सर, आताच्या अर्जात तो रकाना तुम्ही कोरा सोडलाय. पण जुन्या पॉलिसीच्या कागदांत ‘वार्धक्य’ लिहिलंय, आणि वय चौतीस.”

यांनी फोन दुसऱ्या हातात घेतला.

“आणि सर, तुमच्या आयुर्विम्याच्या जुन्या अर्जाची प्रत तुम्हीच जोडलीय, त्यात ‘अपघात’ आहे. नक्की काय धरू?”

त्यावर तुमचा भाऊ काय म्हणाला असेल? म्हणाला, “तुम्हाला सोयीचं पडेल ते धरा.”

मी हातातली कात्री खाली ठेवली. जो माणूस दहा ग्रॅम डाळीसाठी तीन मजले उतरून वाण्याकडे परत जातो, तो म्हणतोय सोयीचं पडेल ते! मुलगीसुद्धा गडबडली. म्हणाली, सर, तसं नाही चालत, विसंगती आहे, शुक्रवारपर्यंत लेखी खुलासा द्या, नाहीतर फाइल बंद होईल. हे बरं म्हणाले आणि स्वयंपाकघरातला काटा पुसायला लागले. तो स्वच्छच होता.

आता मला सांगा, मला झोप कशी लागावी? मी पलंगाखालची पेटी काढली (म्हणजे काठीनं ओढली) आणि दोन दुपारी तिच्यात घालवल्या. नोकरीला लागतानाचा यांचा अर्ज सापडला. त्यात सासऱ्यांच्या नावापुढे ‘ताप’. म्हणजे तेविसाव्या वर्षी ताप, लग्नानंतर अपघात, अठ्ठावन्नाव्या वर्षी वार्धक्य. एकाच माणसाचे तीन मृत्यू, तिन्ही यांच्या सुंदर अक्षरात, खाली सही, आणि ‘वरील मजकूर सत्य आहे’. पेटीत सासऱ्यांचा तो एकच फोटोही मिळाला, कॉलर दुमडलेली, हसू दाबलेलं. मी त्यांना नेहमी सासरे म्हणूनच बघत आले, म्हणजे मनातल्या मनात पिकलेले केस लावून. या वेळी नीट बघितलं. अहो, पोरगा आहे! माझा मुलगा आज त्यांच्यापेक्षा सात वर्षांनी मोठा आहे.

लग्न होऊन आले त्या वर्षी मी सासूबाईंना एकदा विचारलं होतं. त्यांनी भातावर झाकण ठेवलं आणि म्हणाल्या, गॅस बारीक कर. मला कळलं, या घरात हे असं विचारायचं नसतं. मग चव्वेचाळीस वर्षं मी विचारलं नाही, पण म्हणून विचार करायचं थांबले असं नाही. हळूहळू माझ्या मनात सासऱ्यांचं बरंच काही होऊन गेलंय. ते विहिरीत पडले, कोणाला तरी वाचवताना गेले, कोणीतरी त्यांना वाचवलं नाही. एका पावसाळ्यात तर मी त्यांना चक्क दुसऱ्या शहरात दुसरा संसार थाटून दिला होता (माफ करा, पण तीन दिवस वीज नव्हती). परवा जेवताना सरळ विचारलं, अहो, बाबांचं खरंच काय झालं होतं? हे म्हणाले, आमटी छान झालीय. आमटी मी केलीच नव्हती, वरण होतं.

असो. पत्र फार लांबलं. मला तुम्हाला काही विचारायचं नाही, सहज म्हणून इकडची हकिगत कळवली. तुम्ही जपून राहा, जावईबापूंना आशीर्वाद, भाचीला सांगा की मामीनं विणलेला स्वेटर गरम पाण्यात टाकू नकोस.

तुमची,
धाकटी भावजय (गुडघेवाली)

ता. क. मला विचारायचं आहे. सासरे गेले तेव्हा हे सहा वर्षांचे होते, तुम्ही चौदा वर्षांच्या होतात. घरात आता तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. कंपनीला एकच कारण हवंय, शुक्रवारच्या आत, आणि माझे दोन्ही गुडघे त्या एका रकान्यात अडकलेत. एक शब्द लिहिलात तरी पुरे. कार्ड सोबत ठेवलंय, त्यावर पत्ता घातलाय.

ता. क. २. पत्र पाकिटात घालायचं राहिलं आणि तेवढ्यात शुक्रवार उजाडला. सकाळीच त्या मुलीचा फोन आला. मी तिला सगळं सांगितलं, पेटीपासून फोटोपर्यंत, चाळीस मिनिटं. ऐकून घेतलं बिचारीनं, रेकॉर्डिंगसकट. मग म्हणाली, काकू, तिथे ‘माहिती नाही’ असा पर्याय आहे, तो निवडला तरी चालतं, कोणी वाचतच नाही म्हणून राहून जातो. तिनं तो निवडला, फाइल पुढे गेली, संध्याकाळपर्यंत पॉलिसी मंजूर झाली. पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला दोन्ही गुडघे. तेव्हा आता कंपनीला तुमच्याकडून काहीही नकोय. मला हवंय. कार्ड तसंच ठेवते.

ता. क. ३. (माझं अक्षर आहे, ताई.) पाकीट तोललं, तिकिटापेक्षा जास्त भरलं, म्हणून काय आहे ते बघायला उघडलं. हिनं लिहिलंय की मी लपवतो. मी लपवत नाही, मला माहीत नाही. नोकरीच्या वेळी काकांना विचारलं, ते ताप म्हणाले. विमा घेताना आईला विचारलं, ती अपघात म्हणाली आणि दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या वेळी विचारायला तूच उरली होतीस, आणि तुझा फोन लावून मी तीनदा ठेवून दिला. म्हणून वार्धक्य लिहिलं. नोकरीत असं कोणी केलं असतं तर मी दंड केला असता.

कार्डावर लिहू नकोस. बारा तारखेनंतर इकडे ये, चांगली पंधरा दिवस राहा. हिला महिनाभर उठता येणार नाही, म्हणजे आपण दोघं गॅलरीत बसू आणि तू सांग. दार लावलं तरी ही आतून ऐकणार. ऐकू दे.