ती बाबांची, मी आईची

४ फेब्रुवारी

भाचीनं आम्हा दोघी बहिणींना वाढदिवसाची भेट दिली — थुंकायला नळ्या! चौपन्नाव्या वाढदिवसाला माणूस शाल देईल, छत्री देईल. हिनं खोक्यातून दोन नळ्या काढल्या. त्यात थुंकायचं, टपालानं पाठवायचं, मग प्रयोगशाळा कळवते आपल्यात काय काय कुठून आलंय.

ताई लेकीला म्हणाली, "तुझ्या मावशीचं मी न थुंकता सांगते. भित्रेपणा नव्वद टक्के, उरलेलं पाणी."

सगळे हसले. मीही हसले. सवयीनं.

ताई म्हणजे माझी जुळी बहीण. बारा मिनिटांनी थोरली. ती बारा मिनिटं जन्मभर वसूल करतेय.

६ फेब्रुवारी

नळ्या गेल्या टपालात, ताईच घेऊन गेली. मला काही उत्सुकता नाही. आमचा निकाल आईनं आम्ही पाळण्यात असतानाच लावलाय — "ती ह्यांच्यावर गेली, ही माझ्यावर." बाबा आडदांड, मोठ्या आवाजाचे, गाडी हाकताना खिडकीतून अर्ध्या गावाशी भांडणारे. ताई तश्शीच. मोटार शिकवण्याची शाळा काढली तिनं, आणि निम्म्या शहराला गाडी चालवायला शिकवलं.

मी आईवर. मऊ, सोशिक, गाडीत बसलं की मळमळ. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मागच्या खोलीत कवळ्या बनवते. एकोणिसाव्या वर्षी मलाही गाडी शिकायची होती. आई म्हणाली, "आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?" विषय संपला. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंच वाटलं होतं.

११ मार्च

नळ दुरुस्त झाला. दुसरं काही नाही.

२ एप्रिल

निकाल आला.

ताईच्या घरी भाचीनं फोनवर उघडला. वाचता वाचता थांबली. "मावशी, तुम्ही दोघी एकसारख्या जुळ्या आहात. म्हणजे अगदी शंभर टक्के. घराचा नकाशा एकच. घरं दोन बांधली."

मी म्हटलं, "चुकलं असेल. ही बघ केवढी, मी बघ केवढी!"

"ते खाण्यावर असतं, मावशी."

ताई आधी माझ्याकडे बघतच राहिली, मग जी हसत सुटली ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला हसू येईना. चौपन्न वर्षं मी एक माणूस होते, आणि आता म्हणे ते माणूस नव्हतंच.

३ एप्रिल

आईला सांगितलं. ती माझ्याकडेच राहते. निवडत होती ती भाजी बाजूला ठेवली. मग — "दोघी एकच? मग कळा दोनदा कशाला दिल्या?"

थोड्या वेळानं स्वयंपाकघरात आली. "म्हणजे तू माझ्यावर गेलेली नाहीस?"

"अर्धी तुझी, अर्धी बाबांची. ताईही तेवढीच."

"अर्धी!" असं म्हणाली जणू कुणी साडी मधोमध फाडली. जेवली नाही नीट. मलाही वाईट वाटलं. पण मनात आलं — आई, मला कधी कुणी विचारलं होतं, कुणाची व्हायचंय?

५ एप्रिल

आरशासमोर उभी राहून विचार केला. मुळात ताईत जे आहे तेच माझ्यात. मग हा भित्रेपणा आला कुठून? आईचा असता तर ताईतही उतरला असता. बाबांचा तर नव्हेच. म्हणजे माझा एकटीचा! घरी बनवलेला! थर थर देऊन, घासून, पॉलिश करून — कवळीसारखा. आणि इतका घट्ट बसलाय की लोकांना खराच वाटतो.

८ एप्रिल

आज ठरवून भांडले. नाकावर राग माझ्याही रक्तात आहे, तर वापरायला काय हरकत? मागच्या खोलीतला पंखा कित्येक वर्षं बंद आहे. उन्हाळ्यात मेणाआधी मी वितळते. सरळ डॉक्टरांच्या खोलीत शिरले. खुर्चीत पेशंट, तोंड उघडं. मी ओरडले, "पंखा पाहिजे म्हणजे पाहिजे! माणूस आहे मी!"

आवाज कुठून आला कोण जाणे. पेशंटनं तोंड मिटलं. डॉक्टरांचं बोट आत होतं.

बोट सोडवून घेतल्यावर डॉक्टर म्हणाले, "अहो, मला वाटलं तुमच्या कामाला वारा चालत नाही. मेण गार होतं म्हणून तुम्हीच बंद ठेवलाय असं धरून चाललो. एकदा बोलायचंत की!"

दुपारी पंखा सुरू. मी लाजेनं लाल. पण गार.

१० एप्रिल

ताईला फोन केला. एका दमात बोलून टाकलं, "मला गाडी शिकव."

पलीकडून, "आँ?"

"तुझ्यात आहे ते माझ्यात आहे. शंभर टक्के. शिकव."

मग शांतता. इतकी की मला वाटलं फोन कटला. "उद्या सकाळी ये," म्हणाली. "रिकाम्या पोटी."

११ एप्रिल

क्लच. क्लच. क्लच.

१९ एप्रिल

दिव्याखाली अंधार म्हणतात ते खोटं नाही — जगाला शिकवणारी ताई बहिणीला शिकवताना पार लटपटते. परक्यांना शांतपणे सांगते, "ब्रेक दाबा." मला — "अगं मारशील! अगं ती बाई! अगं कुत्रं!" कुत्रं फुटपाथवर झोपलेलं होतं.

मळमळ मात्र झाली नाही. ध्यानात आलं ते घरी आल्यावर. चालवणाऱ्याला मळमळत नाही म्हणे. जन्मभर मी चुकीच्या सीटवर बसले होते.

२७ एप्रिल

ताई रविवारची माझ्याकडे आली. "हात तुझाच ना माझा? मग मलाही येईल." मेणाचा गोळा घेऊन दाढ कोरायला बसली. दोन तास! ताई दोन तास एका जागी बसलेली मी जन्मात पाहिली नव्हती. शेवटी जे तयार झालं ते बघून आई म्हणाली, "बटाटा छान झालाय."

ताई हसली नाही. बोटांवरचं मेण खरवडत म्हणाली, "मला लहानपणापासून वाटायचं, तुला कसं जमतं असं गप्प बसायला. मी गप्प बसले की घरात कुणीतरी विचारायचं, आजारी आहेस का."

हे मला माहीतच नव्हतं. एकाच खोलीत वाढलो आम्ही.

६ मे

एक आजोबा आले. कवळीत पुढचा एक दात वाकडा हवा! डॉक्टर समजावून थकले — नवीन बनवतोय तर सरळच करू. आजोबा अडूनच बसले. "सरळ दात बघून बायको विचारेल, हे कोण?" मला मागून बोलावलं. मी जुना फोटो मागवला आणि तस्साच वाकडा बसवून दिला. आरशात बघून आजोबा म्हणाले, "हां! आलो."

दिवसभर तेच डोक्यात. मी कुठला दात धरून बसलेय?

२३ मे

परीक्षा. नापास! गाडी उलटी घेऊन दोन खांबांच्या मध्ये लावायची होती. एक खांब गेला. परीक्षक म्हणाले, "बाई, खांब लावून ठेवलाय तो दिसावा म्हणून."

घरी येऊन रडले. कसले नकाशे अन् कसली घरं. आडात नाहीच.

ताई आली. पलंगाच्या कडेला बसली. "मी पण पहिल्यांदा नापास झाले होते. दोन्ही खांब पाडले होते."

"खोटं."

"बाबांनी शपथ घातली होती, घरात सांगू नकोस म्हणून. त्यांनाच लाज वाटली. सगळ्यांना सांगत होते ना — पोरगी माझ्यावर गेलीय."

दारात आई उभी होती. तिनं ऐकलं. पदरानं चष्मा पुसत म्हणाली, "ते स्वतः तीनदा." आणि आत निघून गेली.

आम्ही दोघी वेड्यासारख्या हसलो.

२० जून

पास!!! खांब जागच्या जागी. परीक्षकही.

२२ जून

आईला गाडीतून फिरवून आणलं. मागच्या सीटवर डोळे मिटून जप चाललेला. वळणावर एक स्कूटरवाला आडवा आला, तर मी खिडकीतून असं काही बोलले की इथे लिहीत नाही. मागून जप थांबला. आई म्हणाली, "शेवटचा शब्द ह्यांनासुद्धा येत नव्हता."

आवाजात कौतुक होतं. मी आरशात नीट पाहिलं — होतंच.

५ जुलै

ताईला स्टेशनवर सोडायला निघाले होते. चौकात तांबडा दिवा. ती समोर बघत म्हणाली, "टपालाच्या रांगेत तुझी नळी माझ्या हातून सांडली होती. पुन्हा मागवायची कटकट कोण करणार? मीच थुंकले. दोन्हींत."

मला दोन क्षण अर्थच लागेना.

"आणि हे तू आत्ता सांगतेस?"

"निकालाच्या दिवशीच सांगणार होते. म्हटलं, आठ दिवस मजा बघू. तेवढ्यात तुझा फोन आला — गाडी शिकव म्हणून. मग जीभच उचलेना."

मागचा हॉर्न वाजवत होता. दिवा हिरवा होऊन गेला होता.

म्हणजे माझी तपासणी झालेलीच नाही. माझ्यात काय काय आहे, हे अजून कुणालाच ठाऊक नाही!