धोका नाही, असं मी लिहून दिलं

९ जून, सोमवार

दवाखान्याच्या वार्षिक सुरक्षा-अहवालावर पुन्हा सही केली! 'फायली कुलूपबंद आहेत, धोका नाही.' मागच्या वर्षी हेच वाक्य, यंदाही हेच. मोठ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "छान. सुटसुटीत." मी मान डोलावली. नंदीबैल!

१० जून, मंगळवार

इथे तरी खरं लिहावं.

मूल होत नाही म्हणून जोडपी आमच्या दवाखान्यात येतात. कुणाकुणाला परक्याचं बीज घ्यावं लागतं. कुणाचं, कुणासाठी, ते फक्त आमच्या फायलींत असतं. फायली संगणकात, आणि संगणक माझ्या ताब्यात. रोज संध्याकाळी त्यांची एक प्रत दुसऱ्या इमारतीतल्या मशीनवर जाते – इकडे आग-बीग लागली तर असावी म्हणून. दोन वर्षांपूर्वी कळलं की कुणीतरी मधल्या लाइनीवर बसून आठ महिने सगळं उतरवून घेत होतं. पण मजकूर कुलूपबंद, चोरांच्या हाती नुसता अक्षरांचा कचरा. आजचे संगणक हजारो वर्षं झिजले तरी उघडणार नाही, असं मी छातीठोकपणे सांगितलं. ते खरंही होतं.

पण क्वांटम संगणक आले की ते कुलपामागचं गणित सोडवतील. म्हणून तर चोर आज उघडायच्या भानगडीत पडत नाहीत. साठवतात. वाट बघतात.

आणि हे मला चोरीच्या आधी वर्षभर माहीत होतं! क्वांटमलाही दाद न देणारी नवी कुलपं आली होती. दोन दिवसांचं काम. प्रयोगशाळेतलं जुनं यंत्र त्यांच्यामुळे अडायचं, म्हणून म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू. मग सहलीला गेलो. मग विसरलो. विसरलो कसला – कंटाळा केला. चोरी कळल्यावरही!

११ जून

जेवण गेलं नाही.

१३ जून, शुक्रवार

आमच्या कामातल्या लोकांची बैठक होती. कुणीतरी विचारलं, असं मशीन येणार कधी? भाषण देणारा म्हणाला, "दहा वर्षं, पंधरा वर्षं. कदाचित त्याआधी. नक्की कुणालाच ठाऊक नाही." मागून एकजण – "चला, तोवर आपण रिटायर!" सगळे हसले. मीही हसलो. मग मनात खारूचं वय मोजलं. आज अकरा. दहा वर्षांनी एकवीस.

खारू माझी भाची. ती त्या फायलींत आहे.

ताई-भावोजींना आमच्या दवाखान्यात मीच आणलं. "तू आहेस म्हणून येतोय हं," ताई म्हणाली होती. भावोजींचं काही जमेना, शेवटी दात्याचं बीज घेतलं. आम्ही तिघं आणि डॉक्टरबाई, एवढ्यांनाच माहीत. भावोजींची एकच अट – पोरीला कधीही कळता कामा नये. त्यांचं चष्म्याचं दुकान. एखादं गिऱ्हाईक म्हणालं, "नाक अगदी बाबांवर गेलंय हो हिचं!" की स्वारी दिवसभर दुकानातल्या आरशांत स्वतःचं नाक बघत बसते. ताई हसते. मीही हसायचो.

१४ जून, शनिवार

डॉक्टरबाईंकडे गेलो. म्हटलं, सही मागे घेतो. सगळ्या कुटुंबांना कळवू या.

"कळवणार कसं?" त्यांनी विचारलं.

पहिल्या दिवसापासून आमचा नियम – दवाखान्यातून घरी कागद जात नाही, फोन नाही, मेसेज नाही. कितीतरी बायका घरी दातांच्या डॉक्टरचं नाव सांगून येतात. एक पाकीट सासूच्या हातात पडलं की संपलं! "जे पंधरा वर्षांनी होईल की नाही माहीत नाही, ते तुम्ही परवाच घडवून आणणार?" त्या म्हणाल्या. बोलणं कडू, पण खोटं नव्हतं.

ताईला मात्र पाकीट लागत नाही. तिला तोंडी सांगता येईल.

१५ जून, रविवार

सांगितलं एकदाचं.

भावोजी दुकानात. खारू बाहेरच्या खोलीत चित्र रंगवत होती. ताई ओट्याशी भांडी पुसत होती. आधी तिला कळेचना. "म्हणजे चोरी झाली?" झाली. "वाचलं त्यांनी?" नाही, वाचता येत नाही – अजून. "अजून म्हणजे?" मग माझा बांधच फुटला. दाता, फायल, भावोजींची अट, ती कुलपं, माझा आळशीपणा – सगळं भडाभडा ओकलो. आवाज चढला. मोठा बाप्या माणूस, भोकाड पसरून रडलो!

एरवी मला साधी शिंक आली तरी पाठ चोळणारी ताई. जागची हलली नाही. "दोन दिवसांचं काम होतं?" एवढंच विचारलं. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी नुसती मान हलवली. तिने तेच ताट पुन्हा पुसायला घेतलं.

निघताना खारूला म्हटलं, येतो गं. मान वर नाही. रंगवण्यात दंग!

१७ जून, मंगळवार

नवी कुलपं बसवली. जुनं यंत्र वेगळ्या लाइनीवर टाकलं. दोन दिवससुद्धा लागले नाहीत – दीड! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. यापुढचं सुरक्षित. जे गेलं ते जुन्या कुलपातच गेलं, त्याला आता ब्रह्मदेवही नवं कुलूप घालू शकत नाही.

डॉक्टरबाईंना नवा कागद दिला. 'धोका आहे. माझ्या दिरंगाईमुळे आहे.' त्यांनी दोनदा वाचला. म्हणाल्या, जी कुटुंबं आपणहून तपासणीला येतील, त्यांना दार लावून, समोर बसवून सांगू. तुम्हीच सांगायचं. मी हो म्हटलं. मीच सांगायला हवं.

१८ जून, बुधवार

ताईचा फोन! मी आधीच माफी मागायला लागलो तर म्हणाली, "पुरे रे. ऐक. ह्यांना काही सांगितलेलं नाही. हाय खातील. हळूहळू तयार करीन त्यांना. खारू अठराची झाली की दोघं मिळून तिला सांगू. सात वर्षं आहेत ना रे हातात?"

आहेत, म्हटलं. बहुतेक आहेत.

"मग झालं तर. आणि जेवत जा. आवाज बघ कसा झालाय."

आज पोटभर जेवलो.

१९ जून, गुरुवार

शाळा सुटल्यावर खारूचा फोन. "मामा, रविवारी मी सगळं ऐकलं. तू किती मोठ्याने रडत होतास! बाबांना सांगू नकोस हं मला कळलंय ते. त्यांना वाईट वाटेल. आईलापण नको."

मी बरं म्हटलं.